एकविसावी झडप

माणसाच्या हृदयात चार झडपा असतात आणि तेवढ्यावर त्याचं सत्तर-ऐंशी वर्षं भागतं. माझ्या गाडीच्या इंजिनात वीस आहेत. चार सिलिंडर, प्रत्येकात पाच. त्या विसाच्या वीस ठणठणीत आहेत, असं आमचा मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून शपथेवर सांगतो. फाटली ती एकविसावी. ती इंजिनात नसतेच. बाहेर, टर्बोच्या रबरी नळ्यांच्या बेचक्यात, लहानशा पेरूएवढी, काळ्या प्लास्टिकची अशी ती लटकत असते आणि तिचं नाव डायव्हर्टर व्हॉल्व्ह. चाळिशी ओलांडेपर्यंत हे नाव माझ्या कानावर आलं नव्हतं. हल्ली मी ते झोपेतही घेतो अशी घरची तक्रार आहे. "एखाद्या बाईचं नाव असतं तर भांडता तरी आलं असतं," असं हिचं म्हणणं.

गाडी जुनी, युरोपियन, पेट्रोलवर चालणारी आणि टर्बोवाली. कोल्हापुरात यातला एक जरी गुण गाडीत असला तरी लोक विचारतात, "कशाला घेतलासा?" चारही असले की विचारत नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवतात. मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आहे. दिवसभर लोकांच्या शहाण्या गाड्यांचे कागद तपासून तपासून, आपण एक अशी गाडी घ्यावी जिच्यावर कुठलीच बँक कर्ज देणार नाही, अशी उबळ मला आली. रोखीनं घेतली. आमच्या बँकेनंसुद्धा दिलं नसतं. अर्ज माझ्याच टेबलावर आला असता आणि मीच नामंजूर केला असता.

आजार उघडकीला आला पन्हाळ्याच्या चढावर. पूर्वी पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. आता पाय दाबला की बॉनेटखालून एक लांबलचक उसासा यायचा आणि गाडी होती त्याच वेगात विचार करत राहायची. एका वळणावर वडापच्या जीपनं मला मागं टाकलं. आत माणसं किती होती हे जीपवाल्यालाही ठाऊक नसावं. मागच्या पायरीवर लटकलेल्या आजोबांनी "या, या, निवांत या" अशी हातानं खूण केली. त्यांच्या काखेतल्या कोंबडीनंही वळून पाहिलं.

अधिकृत सेवाकेंद्रात गळ्यात पट्टा आणि हातात टॅब अशा एका तरुणानं गाडीकडे न बघता निदान केलं.

"सर, टर्बो असेंब्ली चेंज करावी लागेल."

"न बघताच?"

"बघायचे चार्जेस वेगळे आहेत, सर."

मग त्यानं एक आकडा वाचून दाखवला. तो इतका लांबलचक होता की मला वाटलं, चेसिस नंबर पडताळतोय. मी म्हटलं, "बरोबर, तोच." त्यानं लगेच जॉबकार्डावर सही करायला पेन पुढं केलं. त्या पेनापासून माझ्या गाडीच्या दारापर्यंतचं अंतर मी ज्या वेगानं कापलं, तो वेग माझ्या गाडीत त्या आठवड्यात नव्हता.

फाटलेल्या झडपेचा शोध लावला भाच्यानं. तो इंजिनियरिंगला आहे, म्हणजे बऱ्याच विषयांत मागे आहे, पण गाडीच्या आवाजावरून रोग सांगतो. "मामा, डीव्ही गेलाय तुमचा." मी घाबरून छातीला हात लावला.

आता ही झडप करते काय, ते सांगायला हवं. मला ते मंगल कार्यालयावाचून समजलं नाही, त्यामुळे वाचकांनाही तिकडेच नेतो. कार्यालयाच्या फाटकावर एक मामा वही घेऊन बसलेत. आत येणारा प्रत्येक पाहुणा मोजायचा आणि आचाऱ्याला ओरडून सांगायचं, त्या हिशेबानं जिलब्या पडणार. अंगणात एक उत्साही काका आहेत. त्यांचं काम पाहुण्यांना रेटून जेवणघरात ढकलणं. हे काका म्हणजे टर्बो. ते इंजिनाच्याच धुरावर फिरतात, मिनिटाला लाखाच्या वर गिरक्या घेतात आणि अंगण रिकामं दिसलं की त्यांना चैन पडत नाही. जेवणघराचं दार म्हणजे थ्रॉटल. ते माझ्या उजव्या पायाच्या ताब्यात. मी पाय उचलला की दार धाडकन बंद. पण काकांना कुठं थांबता येतं? ते रेटतच राहतात, रेटलेली गर्दी दारावर आपटून उलटी फिरते आणि काकांच्याच अंगावर येते. काका गरगरतात. त्या वेळी जो 'सुतुतुतु' असा आवाज येतो, तो ऐकण्यासाठी पोरं पैसे मोजतात.

हे टाळायला दाराच्या अलीकडे एक बाजूचं दार ठेवलेलं असतं. मुख्य दार बंद झालं की ते उघडतं आणि गर्दी गुपचूप काकांच्या मागं, परत अंगणात येते. फाटकाच्या आतच असल्यामुळे मामांचा हिशेब चुकत नाही, जिलब्या वाया जात नाहीत, दार पुन्हा उघडलं की तीच मंडळी पुन्हा आत. हा डायव्हर्टर व्हॉल्व्ह. त्याचा पडदा फाटला की बाजूचं दार कायमचं किलकिलं राहतं. काका घाम गाळून रेटतायत, पाहुणे बाजूनं फिरून परत अंगणात येतायत, आणि जेवणघरात तीन माणसं पंगतीला. माझी गाडी पन्हाळा चढत होती ती या तिघांच्या जोरावर.

याच झडपेला एक उनाड भाऊ आहे, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. तो गर्दी अंगणात सोडत नाही, मागच्या दारानं थेट रस्त्यावर काढतो. तेव्हा 'प्श्श्श' असा जो आवाज होतो, तो तीन गल्ल्यांना ऐकू जातो. पण मामांनी ती माणसं मोजलेली, आचाऱ्यानं जिलब्या तळलेल्या आणि खाणारे रस्त्यावर. मग जास्तीचं पेट्रोल, काळा धूर, इंजिनाला ठसका आणि डॅशबोर्डावर पिवळा दिवा. भाच्याला हवा होता हा भाऊ. खरं सांगायचं तर मलाही हवा होता. पण वयाचा विचार करून मी "इंधनाचं प्रमाण बिघडतं रे" असं जड आवाजात म्हणालो.

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रीला मात्र दोन्ही भाऊ नामंजूर होते.

"साहेब, उभी हयात टर्बोत गेली माझी. सुमो, बोलेरो, ट्रक, सगळं उघडलंय. हा वॉल मी कंदी बघितला न्हाई."

"ते सगळं डिझेल. त्यात तो नसतो."

"मग? डिझेलला लागत न्हाई, तर पेट्रोलला कशाला लागतोय?"

इथं मला मंगल कार्यालय पुन्हा उभारावं लागलं. डिझेलच्या इंजिनात सहसा हवा अडवणारं दारच नसतं, वेग ठरतो तो डिझेलच्या मात्रेवर. दार नाही, म्हणून गर्दी आपटत नाही, म्हणून बाजूचं दार लागत नाही. मिस्त्रीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जेवायचं कुणाचं ऱ्हायलं म्हनालासा?"

त्याच्या मते उपाय सोपा होता. झडप काढायची, दोन्ही नळ्यांत लाकडी गुट्टी ठोकायची, वर क्लिपा. "विषय संपला." मी त्याला टर्बोचा इतिहास ऐकवला. १९०५ साली आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनियरनं धुरावर फिरणाऱ्या या यंत्राचं पेटंट घेतलं. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोवाली मोटार आली, तिच्यात पेट्रोलशिवाय एक वेगळं पाणीही भरावं लागायचं: शुद्ध पाणी, मिथाइल अल्कोहोल आणि गंज न धरण्याचं औषध. मालक ते भरायचे विसरायचे, मग गाडी आपला जोर आखडता घ्यायची, आणि शेवटी कंपनी टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायला लागली. मिस्त्रीचे डोळे चमकले. "बगा! अमेरिकावाल्यांनीबी काढूनच टाकला न्हवं?" इतिहास सांगताना तो कुठं थांबवायचा हे कळलं पाहिजे.

पहिलं काम जुनी झडप बाहेर काढण्याचं. तिला दोन जाड नळ्या आणि एक बारीक. जाड नळ्यांवर कारखान्यातून आलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, एकदाच आवळायच्या आणि परत कधीच न सोडायच्या बेतानं बसवलेल्या. त्यांचे कान जिथं पक्कड पोचत नाही अशा दिशेला वळवलेले. मिस्त्रीनं पक्कड लावली, स्क्रूड्रायव्हर लावला, शेवटी हेक्सा ब्लेडचा तुकडा बोटांत धरून पट्टी कापायला बसला. कापलेली पट्टी खाली पडली. खाली म्हणजे जमिनीवर नाही, इंजिनाखाली जी प्लास्टिकची परात असते तिच्यात. पाठोपाठ दहा नंबरचा सॉकेट. त्यामागोमाग बॅटरी. मिस्त्रीचं पोरगं मुकाट्यानं गाडीखाली गेलं आणि परातीचे स्क्रू सोडायला लागलं. परात उतरली तेव्हा तिच्यात आमचा सॉकेट होताच, शिवाय आधीच्या कुण्या मिस्त्रीचा आठ नंबरचा पाना, शेंगांची टरफलं, उंदरानं फार मेहनतीनं बांधलेलं घर आणि लग्नपत्रिकेचा अर्धा तुकडा. उंदरानं तिच्यातला नेमका मुहूर्ताचा भाग खाल्ला होता.

झडप हातात आली. तिची परीक्षा मात्र सुंदर असते. आतलं बूच बोटानं वर दाबायचं, वरच्या बारीक नळीच्या तोंडावर अंगठा ठेवायचा आणि बोट काढून घ्यायचं. पडदा शाबूत असेल तर बूच वरच अडकून राहतं. फाटला असेल तर ते लगेच खाली येतं. आमचं खटकन खाली आलं. भाचा म्हणाला, "गेला." मिस्त्री म्हणाला, "तुमचा अंगठा बारीक हाय." त्यानं आपला लावला. बूच खाली. मग गॅरेजात जे जे होते त्यांनी अंगठे लावून बघितले. ट्रॅक्टरचा क्लच दुरुस्त करायला आलेले एक शेतकरी, चहावाला पोऱ्या, शेजारचा वेल्डर. चहावाल्या पोऱ्याच्या अंगठ्याखाली बूच क्षणभर थांबल्यासारखं झालं तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला, पण त्याच्या हाताला साखर लागलेली होती.

मग खरेदीचा प्रश्न. लोकांची लाखांची कर्जप्रकरणं मी चहा गार व्हायच्या आत निकालात काढतो. पण या पेरूएवढ्या वस्तूसाठी मी एक वही घातली. रकाने आखले. पडद्याची की पिस्टनची? प्लास्टिकची की ॲल्युमिनियमची? पडद्याची झडप चटकन उघडते, स्वस्त असते, देखभाल शून्य. पण तेलाची वाफ आणि उष्णता खाऊन रबर एक दिवस फाटतं. पिस्टनवाली फाटत नाही. पण तिला अधूनमधून उघडायचं, पुसायचं, ग्रीसचा पातळ हात द्यायचा, नाहीतर पिस्टन रुसून अडकतो. म्हणजे एक न सांगता जाते आणि दुसरी रोज विचारपूस मागते. वहीचं हे पान हिच्या हाती लागलं. "हे कुणाबद्दल लिहिलंय?" तिनं विचारलं. मी "झडपेबद्दल" म्हणालो ते तिला अजून पटलेलं नाही.

सल्ला देणारे कमी नव्हते. पुण्याचा मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, ओरिजिनलच घाला. जर्मन लोक मूर्ख आहेत का?" मी म्हटलं, ओरिजिनलच तर फाटली. "मग तुम्ही गाडी नीट चालवत नसणार." मेहुण्याकडे स्वतःची गाडी नाही; रिक्षानं जातो आणि रिक्षावाल्याला गिअर कधी टाकायचा ते सांगतो. बँकेतल्या वसुली अधिकाऱ्याचं मत पडलं की स्प्रिंग कडकच हवी, सैल स्प्रिंगनं कुणी वठणीवर येत नाही.

हा स्प्रिंगचा भाग मला नवीन होता. बाहेरच्या झडपांसोबत वेगवेगळ्या ताणाच्या स्प्रिंगा मिळतात, रंगावरून ओळखायच्या. टर्बोचा दाब जितका जास्त, तितकी स्प्रिंग कडक. माझ्या गाडीचा दाब कारखान्यातून निघाली तेव्हाचाच, अर्धा-पाऊण बार, त्यामुळे हवी मऊ. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक घेतली की झडप वेळेवर उघडत नाही आणि काका पुन्हा गरगरतात. हे सगळं वाचून, समजून, वहीत लिहून झाल्यावरही माझं मन कडक स्प्रिंगेकडेच ओढ घेत होतं. दुकानात चपला घेताना माणूस स्वतःच्या पायाचं माप सांगतो. गाडीचं सामान घेताना तो स्वप्नातल्या गाडीचं माप सांगतो.

आणि लेथवाले काका. उद्यमनगरात एखादी वस्तू परदेशातून मागवणार असं मोठ्यानं बोलू नये, तिथल्या लोकांच्या भावना दुखावतात. काकांनी जुनी झडप हातात घेऊन फिरवली, चष्मा कपाळावर सरकवला, व्हर्नियर लावला.

"विंग्लंडहून मागवणार ह्ये?"

"हो, म्हणजे विचार आहे."

"ॲल्युमिनियमचा गोळा हाय. संध्याकाळी न्या. एक पाहिजे का शंभर?"

"एकच. पण आतला पिस्टन घासता कामा नये, हवा गळता कामा नये."

"अवो, हितनं पंपाचं भाग देशभर जात्यात," काका म्हणाले, "आणि तुमचं ह्ये फुसकं बूच जमणार न्हाई व्हय?" त्यांचा अपमान होऊ नये म्हणून मी एक करायला सांगून टाकली. संध्याकाळी ती तयार होती. देखणी, चकचकीत, आणि वजनाला एवढी की नळ्यांनी तिला पेललं नसतं, तिनंच टर्बोला लोंबकळवलं असतं. सध्या ती माझ्या टेबलावर कर्जाच्या फायलींवर वजन म्हणून आहे आणि बँकेत तिच्याइतकी भक्कम तारण वस्तू दुसरी नाही.

अखेर इंग्लंडहून मागवली. ती विमानानं झटकन मुंबईला आली आणि तिथं बसली. कुरिअरवाल्यांनी आधार मागितलं, पॅन मागितलं, मग वस्तूचं वर्णन मागितलं. मी प्रामाणिकपणे लिहिलं: टर्बोचार्जरने दाबलेली हवा परत वळवण्याचे साधन. फोन आला.

"सर, हे एअर कंडिशनरचं आहे का?"

"नाही. गाडीचं."

"म्हणजे गाडीच्या एसीचं."

"नाही हो. इंजिनाचं. हवा येते ना, ती परत पाठवायची."

"का परत पाठवायची?"

मी डोळे मिटले. फाटकावर मामा वही घेऊन बसलेच होते. पाहुणे, काका, जिलब्या, सगळं सांगितलं. पलीकडचा आवाज बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मी 'गाडीचा स्पेअर पार्ट' लिहितो." जकात, हाताळणी, हाताळणीवरचा कर असं सगळं मिळून जी रक्कम झाली ती मी वहीत लिहिली नाही, कारण वही हिच्या हाती लागते.

डबा उघडला तेव्हा गॅरेजात शांतता पसरली. फोमच्या खाचेत ती बसली होती, निळसर झळाळीची, सोबत जास्तीच्या स्प्रिंगा, नव्या क्लिपा आणि दोन स्टिकर. मिस्त्रीनं हात चिंधीला पुसले. एवढ्या वर्षांत माझ्या गाडीला हात लावण्यापूर्वी त्यानं हात पुसल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यानं झडप सगळीकडून फिरवून बघितली.

"बाण कुठाय?"

"कसला बाण?"

"वॉलवर बाण असतोय. पाणी कुठनं कुठं जायचं त्याचा."

ट्रॅक्टरवाले शेतकरी अजून तिथंच होते. क्लच आला नव्हता. त्यांनी दुजोरा दिला. त्यांच्या विहिरीवरच्या एनआरव्हीला बाण आहे, आणि तो एकदा उलटा बसला तेव्हा रात्रभर मोटार चालून उसाला थेंब मिळाला नव्हता. आमच्या झडपेला तोंडं दोन, एक खाली, एक बाजूला. दाबाची नळी कुठं लावायची? भाचा म्हणाला खाली. मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला बाजूला. कागदावरचं चित्र एवढं बारीक होतं की ते दोन्ही बाजूंनी बरोबर वाटत होतं. शेतकरीदादांनी चित्र उलटं धरून तिसरा मार्ग सुचवला. शेवटी लेथवाले काका आले, जुनी झडप कशी बसली होती ते नळ्यांच्या वळणावरून बघितलं आणि म्हणाले, "जसं हुतं तसंच लावा की." यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. वाद संपल्याचं सगळ्यांना जरा वाईटही वाटलं.

नळ्या जुन्या, तेल पिऊन कडक झालेल्या. नव्या झडपेचं तोंड त्यांत जाईना. मिस्त्रीनं सवयीनं ग्रीसचा डबा उघडला. भाचा ओरडला, "ग्रीस नको! दाबानं नळी निसटते." मग साबणाचं पाणी करायचं ठरलं. साबण आला, पाणी आलं, नळी तापवायला हिचा केस वाळवायचा ड्रायर आला. (तो कसा आला हे मिस्त्रीच्या पोरालाच माहीत, त्याला मी घरी नुसतं 'फॅनसारखं काहीतरी' आणायला पाठवलं होतं.) एकानं नळी तापवायची, दुसऱ्यानं साबण लावायचा, तिसऱ्यानं ढकलायचं, आणि शेतकरीदादांनी "अजून थोडं, अजून थोडं" म्हणायचं. पहिली नळी बसली. दुसरी बसली. बारीक नळी बसवताना तिचं म्हातारं टोकच तुटलं. ते कापून तिला इंचभर आखूड करून बसवली. क्लिपा आवळल्या. परात परत चढवताना आठ नंबरचा पाना तिच्यात राहून गेला, तो आता पुढच्या मालकाला मिळेल.

चाचणी पन्हाळ्यालाच. भाचा शेजारी, खिडकीची काच खाली, फोनवर आवाज टिपायला हात बाहेर. चढाला मी पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. गाडी अशी उसळली की मी मोठ्यानं "नाद खुळा" म्हणालो. बँकेच्या गणवेशात हे शब्द मी प्रथमच उच्चारले. वळणाआधी पाय उचलला. दोघांनी कान टवकारले.

काही नाही. म्हणजे नीट ऐकलं तर एक हलकंसं 'फुस्'.

"मामा, एवढंच?"

"अरे, हेच तर चांगलं. हवा आतल्या आत फिरते."

"पण मग लोकांना कळणार कसं?"

त्या प्रश्नाला जगातल्या कुठल्याच टर्बोवाल्याकडे आजवर उत्तर नाही. १९७३ साली बीएमडब्ल्यूनं २००२ टर्बो काढली तेव्हा तिच्या पुढच्या पट्टीवर 'टर्बो' ही अक्षरं उलटी लिहिण्याची सोय होती, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटी वाचता यावीत म्हणून. जर्मनीत त्यावरून आरडाओरडाही झाला. एवढी शिस्तीची जात, पण तिलाही सांगितल्याशिवाय राहवेना. आमच्याकडे तर सायलेन्सरच्या तोंडात बसवायची शिट्टी मिळते; टर्बो नसला तरी आवाज टर्बोचा. गावाकडच्या एका नातेवाइकानं ती आपल्या अल्टोला लावली आहे आणि रस्त्यावरच्या म्हशी आता वाट देण्याऐवजी थांबून ऐकतात.

मीही काही यातून सुटलेलो नाही. हवा आतल्या आत फिरली तरी तिचा तो हलका 'फुस्' भिंतीवर आपटून परत येतो हे माझ्या ध्यानात आल्यापासून मी लांब कंपाउंडच्या भिंती शोधत फिरतो. शहरातल्या कुठल्या भिंतीजवळ आवाज चांगला येतो, ते मला पाठ आहे. भिंत आली की काच खाली, पाय दाबायचा, पाय उचलायचा, मान तिरकी करायची. साहेबांच्या बंगल्यासमोर मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये जातो. एकदा ते फाटकात उभे होते. मी पाय उचलला, 'फुस्' झालं, त्यांनी हात करून थांबवलं.

"पंक्चर झालं वाटतं तुमचं."

हिची तक्रार वेगळी. "भाजी आणायला निघालोय ना? मग हे आचके कसले? आणि काच बंद करा, धूळ येतेय." मी म्हटलं, ऐक जरा, आता भिंत येईल. तिनं ऐकलं. मग बराच वेळ काही बोलली नाही आणि मंडईत उतरताना म्हणाली, "माझ्या ड्रायरला साबणाचा वास येतोय."

पैसे द्यायला गॅरेजात गेलो तर मिस्त्रीनं बिल तयार ठेवलं होतं: 'टर्बो वॉल बदली मजुरी, क्लिप, चिंधी, साबण चूरा, चहा (अंगठेवाले धरून).' शेतकरीदादांचा ट्रॅक्टर एकदाचा निघाला होता. पैसे मोजून दिले, निघालो, तर मिस्त्री मागनं आला. हातात जुनी, फाटलेली झडप. चक्क पेट्रोलनं धुऊन पुसलेली.

"साहेब, ही तुमाला नको असंल तर ऱ्हावू दे माझ्याकडं. आमच्या सुमोला लावतो म्हंतो."

"अहो, सुमो डिझेल आहे. डिझेलला लागत नाही, तुम्हीच म्हणत होता."

"त्ये म्हाईत हाय."

"आणि फाटलेली आहे ती. काही उपयोग नाही."

मिस्त्रीनं आजूबाजूला पाहिलं, पोरगं ऐकत नाही याची खात्री करून घेतली आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"फाटकी हाय म्हनूनच तर. चांगली असती तर आवाज कुठनं आला असता?"